शेंडा मालकाचा

रामकिशनरावांना ओसरीवर निजवलं होतं आणि उशाशी त्यांची काठी ठेवली होती. काठी पार्वतीबाईंनीच ठेवली होती. येणारा जो तो आधी मयताच्या पाया पडायचा, मग काठीकडे बघायचा आणि डोळे टिपत म्हणायचा, "लई सोसलं बरं आबांनी." सव्वा वर्ष त्या काठीनं गावभरची कीव गोळा केली होती, आणि आजही ती कामाला चुकली नव्हती.

पार्वतीबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना रडू येत होतं आणि ते खोटं नव्हतं. ज्या माणसाशी उभा जन्म भांडून काढला, तो असा गप्प पडलेला त्यांना बघवत नव्हता. पण रडता रडता मधेच पदराचा बोळा तोंडात धरावा लागत होता. कारण ज्या पायासाठी सारा गाव हळहळत होता, त्याच पायानं हा बाबा सकाळी परड्यातल्या चिंचेवर पार शेंड्यापर्यंत चढला होता. हे दोघांनाच ठाऊक होतं, पार्वतीबाईंना आणि अजीज बागवानाला. निदान पार्वतीबाईंची तशी समजूत होती.

अजीज दर साली त्यांची चिंच झाडावरच विकत घ्यायचा. हा सौदा दोघांच्या बापांपासूनचा, आणि सौद्याची रीतही तेव्हापासूनचीच. सगळं झाड बागवानाचं, शेंडा मालकाचा. बागवानाच्या माणसांनी खालच्या फांद्या झोडपून घ्यायच्या आणि वरच्या टोकाला हात लावायचा नाही. ती चिंच मालकानं स्वतः चढून काढायची, घरच्या आमटीपुरती. ज्या साली मालकाला चढणं जमायचं नाही, त्या साली शेंडाही बागवानाचा. मागच्या साली रामकिशनराव पायात रॉड घालून खाटेवर पडले होते आणि शेंडा अजीजकडे गेला. त्यानंतर वर्षभर ते आमटीची वाटी पुढ्यात आली की तोंड वाकडं करायचे. बाजारच्या चिंचेला म्हणे चवच नाही.

यंदा त्यांनी डाव साधला. नरसिंग हळद घेऊन वसमतच्या बाजाराला गेलेला, सून पुनम रानात, अजीजची माणसं आदल्या दिवशीच खालचं झोडपून गेलेली. त्यांनी काठी बुंध्याला टेकवली, धोतराचा काचा मारला आणि वर जाता जाता बजावलं, "अजीज, शेंड्याकडं बघायचं न्हाई. म्या जित्ता हाय अजून."

फांदी मोडल्याचा आवाज आला तेव्हा पार्वतीबाई म्हशीला पाणी दाखवत होत्या. बादली टाकून त्या धावल्या. रामकिशनराव खाली पडले होते, मान भलतीच वळलेली, डोळे मात्र उघडे. त्यांनी बायकोकडे बघितलं. पार्वतीबाईंना वाटलं आता देवाचं नाव घेतील, नाही तर लेकीचं तरी. रामकिशनराव म्हणाले, "काठी... काठी आण." आणि गेले.

काठी कशाला ते त्यांना तिथल्या तिथं उमगलं. माणसं येतील तेव्हा ती जवळ दिसायला हवी होती. मग त्यांनी आणि अजीजनं दोघांनी मिळून त्यांना ताडपत्रीवर घालून घरात आणलं, खाटेवर निजवलं आणि धोतराला लागलेल्या झाडाच्या साली झटकल्या. "कुनाला सांगायचं न्हाई अजीजभाई," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याची चाल उघडी पडली तर गाव मेल्यावरबी हसंल." अजीजनं डोळे पुसत मान हलवली. नवऱ्याचा शेवटचा शब्द पाळल्याचं त्यांना तेवढंच समाधान होतं.

"आता उचला," पुनमचंदकाका म्हणाले. रामकिशनरावांचे हे धाकटे भाऊ, घर शेजारी, शेत शेजारी आणि भांडणही शेजारचंच. "ऊन वर आलं. हिंगोलीहून येनारे आले, कळमनुरीचे आले. आता कोनाची वाट बघून राहिले?"

"उचलायचं न्हाई काका," नरसिंग म्हणाला. वसमतहून तो तसाच परत आला होता, अंगावर हळदीची पूड, डोळे लाल. "म्या देवला पोलीस पाटलाला सांगितलंय. पोलीस येऊन राहिले."

ओसरीवरचं रडणं एकदम थांबलं. पोलीस म्हटल्यावर सगळ्यांच्या माना आपोआप अंगणाकडे वळल्या. तिथं लिंबाखाली विजयकुमार बसला होता, या घरचा जावई. वारंगा फाट्यावर बॅटरीचं दुकान असलेला, अंगानं थोराड आणि बोलायला मुका. एवढ्या माणसांत त्याच्या शेजारी कोणीच बसलं नव्हतं.

गेल्याच्या गेल्या दसऱ्याला त्यानं नवी गाडी घेतली आणि दुकानापुढं पूजा मांडली. लेकीच्या आग्रहाखातर रामकिशनरावही गेले होते. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, गुरुजी म्हणाले आता पुढं घ्या. तेवढ्यात एका चाकाखालचं लिंबू घरंगळलं. आता कोणीही लिंबू नसलं तर नसलं म्हणून सोडून दिलं असतं. रामकिशनरावांना मात्र शास्त्रात खोट चालायची नाही. ते कोणाला न सांगता गाडीपुढं उकिडवे बसले आणि लिंबू नीट लावू लागले. विजयकुमारला काचेतून हार दिसला, गुरुजी दिसले, सासरा दिसला नाही. मांडीचं हाड दोन जागी मोडलं. नांदेडच्या दवाखान्यानं पोलिसांना कळवलं, पोलिसांनी विचारलं फिर्याद कोण देतो, आणि नरसिंग म्हणाला, मी. तेव्हापासून विजयकुमारवर केस चालू होती आणि तेव्हापासून तो कुठलीही गाडी चालू करण्याआधी खाली उतरून तिला एक चक्कर मारायचा, अगदी रिकाम्या माळावरसुद्धा.

"पोलीस कशाला रे?" काका म्हणाले. "सव्वा वर्स झालं त्या गोष्टीला. वर्सश्राद्ध झालं की मेलेला मानूससुदिक मागं वळून बघत न्हाई, आन मोडक्या पायाचा गुन्हा अजून ताजाच?"

"बाबा, तसं नसतं," विकास म्हणाला. हा काकांचा मुलगा, कळमनुरीच्या कोर्टात वकील. सुनावणी सोडून आला होता, त्यामुळे पांढरा सदरा आणि काळी पँट तशीच होती. "कायद्यात वर्षाची मुदत नाही. माणूस दुसऱ्या दिवशी मरो नाही तर पाच वर्षांनी. किती दिवसांनी मेला ते कोर्ट बघत नाही, कशानं मेला ते बघतं. त्या मारानंच मेला असं ठरलं, की दाजींच्या केसला मृत्यूचं कलम लागतं. पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे."

"आन दुसऱ्या कशानं मेला आसंल तर?"

"तर पायाची केस पायापुरती."

काकांनी जरा विचार केला आणि वहिनीकडे वळले. "मंग कशानं गेला आमचा दादा?"

सगळे पार्वतीबाईंकडे बघू लागले. त्यांनी सकाळपासून जे दहा जणांना सांगितलं होतं तेच सांगितलं. "कशानं म्हंजे? खाटेवर पडले व्हते. पडल्या पडल्याच गेले."

विकासनं कपाळाला हात लावला. "मोठी आई, हेच तर! सव्वा वर्ष अंथरुणात. पडून राहिलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गाठ होते, ती वर सरकते आणि माणूस झोपल्या जागी जातो. डॉक्टर पहिल्यांदा हेच म्हणणार."

पार्वतीबाईंच्या हातातला पदर तसाच राहिला. नवऱ्याची लाज झाकायला त्यांनी जे पांघरूण घातलं होतं, त्यानं जावयाचाच गळा आवळला जात होता.

"ऐकलं का?" नरसिंग उभा राहिला. "दाजीच्या गाडीनंच नेलं माझ्या बापाला. फक्त सव्वा वर्स रस्त्यात लावलं."

"दादा!" संगिता आईजवळून उठली. रडून रडून तिचा आवाज बसला होता, तरी तो अंगणापर्यंत गेला. "काहून आसा जिवावर उठलास? माझ्या लेकरांचा मामा हायेस ना तू?"

"आन आबाचा पोरगा कोन? सव्वा वर्स म्या पाठीवर घेऊन फिरलो त्यांला. न्हानीत, परसाकडं, पारावर. माझी कंबर बघ, सरळ होत न्हाई. तुझा नवरा सोमवारचा गाडीत बसवून देवाला न्यायचा, आन बाकीचे सहा वार कोन करत होतं?"

"म्हनून माझं कपाळ पुसशील?"

"कपाळ कोन पुसून राहिलं? पाच वर्सांनी येतील ना परत!"

यावर संगिता भावाच्या अंगावर धावली. पुनमनं तिला मधेच धरलं. काका म्हणाले नरसिंगचं म्हणणं बराबर आहे, बापाच्या जिवाला काही किंमत आहे की नाही. मग विकासनं सांगितलं की पोलीस आले म्हणजे शवविच्छेदन आलं, आणि शवविच्छेदन आलं म्हणजे अंत्यविधीला संध्याकाळ होणार. तेव्हा काका म्हणाले तसं बघितलं तर संगीचंही बराबर आहे. सकाळपासून त्यांच्या पोटात चहासुद्धा नव्हता.

विजयकुमार जागचा हलला नव्हता. गोंधळ थांबल्यावर तो एवढंच म्हणाला, "गाडी माझी व्हती. पाय माझ्याच गाडीखाली गेला. मला काय म्हनायचं न्हाई." बोलताना त्यानं एकदा उशाशी ठेवलेल्या काठीकडे बघितलं आणि मग सासूकडे. त्या बघण्यात काय होतं ते पार्वतीबाईंना नीट कळलं नाही.

संगिता परत येऊन त्यांच्या मांडीवर पडली. लग्नानंतर बारा वर्षं ही लेक पंचमीला आणि दिवाळीला तेवढी दिसायची, तीही बापाची आणि नवऱ्याची नजरानजर होऊ नये म्हणून धास्तावलेली. लग्नात वराकडच्यांनी जिलबीवरून पंगत अडवली होती. रामकिशनराव त्या दिवसापासून जावयाशी कामापुरतंही बोलत नव्हते. पाय मोडला आणि सगळं पालटलं. दर सोमवारी गाडी दारात यायची, सासऱ्याला घेऊन जावई नर्सीला नाही तर औंढ्याला जायचा, आणि तेवढा वेळ लेक आईजवळ असायची. दोघी मिळून शेंगा फोडायच्या, डोक्याला तेल लावायच्या. म्हणूनच तर गेल्या उन्हाळ्यात नवरा गोठ्यात काठीशिवाय फिरताना दिसला तेव्हा पार्वतीबाई काही बोलल्या नव्हत्या. पाय बरा झाला असं म्हटलं असतं तर सोमवार गेला असता.

आणि आता त्या सोमवारांची भरपाई लेकीकडूनच होणार होती.

जमादार आले ते देवला पाटलाच्या मोटरसायकलवर मागं बसून. उन्हानं वैतागलेले, पोट सुटलेले, पण माणूस रीतीचा. आधी मयताला हात जोडले, मग पाणी मागितलं, मग कागद काढला.

"फिर्यादीचं म्हणणं काय?"

"अपघाताच्या मारानंच गेले," नरसिंग म्हणाला.

"मरताना जवळ कोण होतं?"

"म्या व्हते," पार्वतीबाई म्हणाल्या.

"सांगा मग आजी. सावकाश सांगा."

पार्वतीबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. नाकात कापूस घातलेला तो चेहरा अजूनही काठी मागत होता. मांडीवर लेकीचं डोकं होतं. त्यांनी मनातल्या मनात नवऱ्याची क्षमा मागितली आणि लगेच त्याला एक शिवीही दिली, मग बरं वाटलं.

"लिवा," त्या म्हणाल्या. "झाडावरून पडून मेले."

कोणी तरी खोकलं. जमादारांचं पेन थांबलं.

"कोण?"

"हेच. परड्यात चिंच हाय. चढले व्हते शेंड्याला. फांदी मोडली."

ओसरीवरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि त्यातली एक हळूच म्हणाली, "डोक्यावर परिनाम झाला बिचारीच्या." विकासनं जमादारांच्या कानात काही तरी सांगितलं. संगितासुद्धा मांडीवरून डोकं उचलून आईकडे घाबरून बघायला लागली.

"माय," नरसिंग जवळ येऊन बसला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ झाला. "जावयासाठी एवढं खोटं? ज्या मानसाला म्या तांब्या धरून बसवत व्हतो, तो चिंचंवर चढला?"

"खोटं कशाला बोलू? हे बग अजीजभाई. व्हते ना तुमी?"

अजीज फाटकाजवळ उभा होता. त्यानं आधी पार्वतीबाईंकडे बघितलं. सकाळी शब्द घेतलेला, आणि आता घेणारीच मोडायला सांगत होती. त्यांनी मान हलवली तेव्हा तो बोलला. "व्हय साहेब. वहिनी सच बोलून राहिली. मेरे सामने चढले. मला खालून शेंड्याकडं बघूबी दिलं न्हाई."

"अजीजचाचा मायच्या शब्दाबाहेर न्हाईत," नरसिंग म्हणाला. "ती म्हनली इमानातून पडले, तर तेबी म्हनतील इमानातून."

जमादारांनी टोपी काढून घाम पुसला. "हे बघा, मला दोन तालुक्यांचं बघायचं आहे. मला एकच सांगा. मयत चालत होता का नव्हता?"

"नव्हता!" नरसिंग म्हणाला.

"व्हता," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

पुनम डोक्यावरचा पदर सावरत पुढं आली. या घरात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण पुरुषांच्या बैठकीत ती पहिल्यांदाच बोलत होती. "मामंजी चालत व्हते. पळतबी व्हते. मागं आपल्या कांद्यात शेळी शिरली, तर काठी टाकून कुपाटीवरून उडी मारली तेनी. म्या डोळ्यानं बघितलं."

नरसिंगचं तोंड उघडं राहिलं. "आन मला सांगितलं न्हाई?"

"काहून सांगू?" पुनमनं मान खाली घातली, पण आवाज खाली घेतला नाही. "आधी तुमी रोज सांजंला जवळा बाजारच्या ढाब्यावर. रातच्याला कोन आनून टाकील तवा घरी. मामंजीला दिवेलागनीला उचलायचं म्हनून दिवेलागनीला घरी यायला लागले. लेकरं तुमच्यासंगं जेवायला बसायला लागली. म्या तर देवाला म्हनायचे, पाय आसाच राहू दे."

बायकांमध्ये खसखस पिकली. कोणी तरी मयताकडे बोट दाखवून गप्प केलं. पार्वतीबाई सुनेकडे बघतच राहिल्या. म्हणजे आपण एकट्याच नव्हतो तर!

"सून सासूच्या बाजूनं बोलते, हे मी पहिल्यांदाच बघितलं," जमादार म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं. "आणखी कोणी?"

पुनमचंदकाकांनी घसा साफ केला. मग नको म्हणाले. मग पुन्हा घसा साफ केला.

"बोला काका," देवला पाटील म्हणाला. "मयताच्या समोर काय लाजायचं?"

"म्हंजे कसं हाय," काका जमिनीकडे बघत म्हणाले, "आमच्या दोघांत एक बांध हाय. दादा पडून व्हता, त्याला काय रानात येनं जमत नव्हतं, म्हनून म्या तो जरासा... हातभर... सरळ केला."

"कोणत्या बाजूला सरळ?" विकासनं विचारलं.

"तू गप रे. तर सकाळी जाऊन बघतो, बांध परत जागच्या जागी. म्या पुन्यांदा सरळ केला, पुन्यांदा जागी. मंग एक दिवस तुरीत दबा धरून बसलो. तांबडं फुटायला दादा आला. खांद्यावर कुदळ, काठीचा पत्ता न्हाई. अर्ध्या घंट्यात बांध मागं नेला, आन जाता जाता माझ्या धुऱ्यावर मुतला."

आता मात्र अंगणातल्या पुरुषांनाही आवरेना. लोक तोंडावर रुमाल धरून वळले. "मंग तवाच सांगायचं ना, काका!" नरसिंग ओरडला.

"कसं सांगू? आधी तुरीत काय करत व्हतो ते सांगावं लागलं असतं!"

संगिता उठून बसली होती. रडणं आणि हसणं दोन्ही तिच्या तोंडावर एकदमच आलं होतं. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलं का तुमी? आबा चालत व्हते!"

विजयकुमार लिंबाखालून उठला. ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला आणि मान न उचलता म्हणाला, "मला ठाऊक व्हतं."

"काय?"

"पोळ्याच्या आधीच. नर्सीला देवळापुढं तेन्ला उतरवलं, गाडी लावायला गेलो. आरशात बघतो तर आबा काठी काखंत मारून दोन-दोन पायऱ्या चढून राहिले. रांगेत पुढं नंबर लागावा म्हनून. म्या परत आलो तवा पुन्हा लंगडत व्हते."

"आणि तरी इतके महिने..." विकासचं वकिली डोकं गरगरलं. "दाजी, आत्ता, पाच वर्षांची गोष्ट चालली होती तेव्हाही बोलला नाहीत?"

"म्हाताऱ्याची लाज गेली असती ना." विजयकुमार एवढं कधी बोलत नसे, शब्द जमवायला त्याला वेळ लागत होता. "बारा वर्सं माझ्याशी बोलले न्हाईत. पाय मोडला तवापासून गाडीत शेजारी बसायला लागले. पहिल्या म्हयन्यात गप. मंग रस्त्यानं शेतं दाखवायला लागले, हे कोनाचं, ते कोनी इकलं. एकदा म्हनले, जिलबी खरंच कच्ची व्हती. माझा बाप म्या लहान असतानाच गेला. सोमवारची म्या वाट बघायचो. लंगडे न्हाईत म्हनलं असतं तर आबा कशाला बसले असते माझ्या गाडीत?"

संगितानं पदर डोळ्यांना लावला. पार्वतीबाईंनी आता कशाचीच लाज धरली नाही. त्या मोकळ्या आवाजात रडल्या. नवऱ्यासाठी सकाळपासून आलं नव्हतं असं रडू जावयासाठी आलं. एका म्हाताऱ्याचं सोंग, आणि सगळं घर आपापल्या परीनं त्याच्यावर जगत होतं.

नरसिंग मात्र ओसरीच्या मधोमध उभा होता. तो एकेकाकडे बघत होता. आई, बायको, काका, दाजी.

"म्हंजे सगळ्यांला ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "ज्याच्या पाठीवर बसून गाव फिरले, त्या येड्यालाच तेवढं न्हाई! पारावर उतरताना मला म्हनायचे, हळू रे नरसिंग, लई दुखून राहिलं. आन तांबडं फुटायला बांध सरकवून यायचे?" त्याचा आवाज फाटला. "माझ्याशी काय दुस्मनी व्हती तेंची?"

पार्वतीबाईंनी डोळे पुसले आणि त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"म्या इचारलं व्हतं तेन्ला," त्या म्हणाल्या. "म्हनलं, दुसऱ्यांचं जाऊ द्या, पोराची कंबर काहून मोडून राहिले? तर म्हनले, तो एवढा व्हता तवा जत्रंत माझ्या खांद्यावरून उतरायचा न्हाई. मोठा झाला तसा जवळ बसला न्हाई कधी. आता रोज मला पाठीवर घेतो आन रस्ताभर बोलतो. म्हनले, चाललो तर हे संपंल."

नरसिंगनं बापाकडे बघितलं. मग त्यानं गुडघ्यात डोकं घातलं आणि त्याची रुंद पाठ हलायला लागली. विजयकुमार पायरी चढून आला आणि त्याच्या शेजारी बसला.

जमादारांनी कागद उलटला. मग म्हणाले, "चालत होता हे झालं. पण झाडावर होता याला काय पुरावा?"

"चला," अजीज म्हणाला.

सगळे परड्यात गेले. बुंध्याजवळ मोडकी फांदी पडली होती, अजीजची पोती अर्धी भरून उभी होती. खालच्या फांद्या साफ झोडपलेल्या. अजीजनं वर बोट केलं. पार टोकाला, जिथं फांद्या मनगटाएवढ्या होतात तिथं, रामकिशनरावांचा पांढरा पटका लोंबत होता, चिंचांनी टच्च भरून गाठ मारलेला.

"तुमच्या माणसानं बांधला नसेल कशावरून?"

"साहेब, शेंड्याला आमचा हात लागत न्हाई. ही आमच्या वालिदच्या जमान्यापासूनची रीत. गावात कोनालाबी पुछो. तिथं चढनार तो मालकच." अजीजनं मोडक्या फांदीकडे बघितलं. "गठडी बांधून झाली व्हती. उतरताना फांदीनं दगा दिला. शेंडा यंदा मालकाचाच. म्या शिडी लावून उतरवतो आन घरी पोचवतो."

जमादार बराच वेळ मान वर करून उभे होते. "या वयात!" ते म्हणाले, आणि त्यात सरकारी असं काही नव्हतं. मग त्यांनी नरसिंगकडे बघितलं. "फिर्यादी, तुमचं आता काय म्हणणं?"

नरसिंगनंही वर बघितलं. नाक पुसलं. "झाडावरून पडूनच मेले," तो म्हणाला. "माझा बाप चढला व्हता. लिवा."

डॉक्टर मान तपासून जे लिहायचं ते लिहितील, पायाची केस पायापुरती राहील, असं विकासनं दोन-दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं संगितानं पाण्याचा घोट घेतला. दवाखान्यात न्यायचं तर होतंच. अजीजनं आपल्या टेम्पोतली पोती उतरवून ताडपत्री अंथरली. चालवायला कोण? नरसिंग म्हणाला, "दाजी, तुमीच घ्या. आज सोमवारच हाय."

विजयकुमारनं टेम्पोला चक्कर मारली. पुढच्या चाकाशी वाकून बघितलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. उलट काकाही वाकले, नरसिंगही वाकला, आणि समोर कोणी नाही याची सगळ्यांनी मिळून खात्री करून घेतली.

रामकिशनरावांना वर ठेवलं. नरसिंग ओसरीवर गेला, सव्वा वर्षाच्या सवयीनं उशाजवळची काठी उचलली आणि बापाच्या बाजूला ठेवायला आला.

पार्वतीबाईंनी त्याच्या हातातून ती काढून घेतली.

"राहू दे इथंच," त्या म्हणाल्या. "आता कोनापासून लपवायचं? जातील चालत."